इसबगोल बाइल ॲसिडला धरतं की नुसतं अडवतं? प्रोजेक्टच्या नोंदी

४ डिसेंबर

प्रोजेक्टचा विषय एकदाचा फायनल: फायबर पित्तातल्या (म्हणजे बाइलमधल्या) बाइल ॲसिडला धरून ठेवतं का, म्हणजेच बाइंडिंग. मॅडमनी फॉर्मवर सही केली, पण पेन खाली ठेवता ठेवता विचारलंच, "बाइंडिंग बाइंडिंग म्हणतेयस, पण मोजणार नक्की काय?" मी म्हटलं फायबर आणि बाइल ॲसिड एका ट्यूबमध्ये घ्यायचं, थोडा वेळ हलवत ठेवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि वरच्या पाण्यात किती बाइल उरलं ते बघायचं, जेवढं कमी झालं तेवढं फायबरने धरलं. मॅडम म्हणाल्या, "बरं, कर सुरू, मग बोलू." त्यांच्या "मग बोलू"चा अर्थ आमच्या बॅचला पाठ आहे.

सॅम्पल ठरलेत: इसबगोलाचा भुसा, गवार गम, मेथीदाणे, नाचणीचा कोंडा, गव्हाचा कोंडा. ओट्स मला घ्यायचे नव्हते, त्यावर जगभर एवढं काम झालंय की आपण अजून काय दिवे लावणार, पण ओंकार म्हणतो तुलनेला एक तरी ओळखीचा सॅम्पल हवा. पार्टनर आहे, ऐकावं लागतं. ओट्स पण घेतले.

९ डिसेंबर

इंट्रोडक्शनचा कच्चा ड्राफ्ट. थीसिसच्या भाषेत लिहायच्या आधी साध्या भाषेत इथे टाकतेय, म्हणजे आपल्याला खरंच कळलंय की नाही ते कळतं.

लिव्हर कोलेस्टेरॉलपासून बाइल ॲसिड बनवतं. माणसात मुख्य दोन, कोलिक आणि कीनोडीऑक्सीकोलिक. बाहेर सोडायच्या आधी त्यांना ग्लायसीन नाहीतर टॉरीन जोडलं जातं, त्यामुळे ती पाण्यात जास्त नीट विरघळतात. मग पित्ताशयात साठा. आपण तुपातलं तेलातलं काही खाल्लं की लहान आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन सुटतं, पित्ताशय आकुंचन पावतं, बाइल आतड्यात उतरतं, फॅटचे बारीक थेंब करतं आणि पचलेली फॅट मायसेल नावाच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये भरून आतड्याच्या भिंतीपाशी पोचवतं. इथपर्यंत बारावीला झालेलं असतं.

पुढचं जास्त भारी आहे. काम झालेलं बाइल शरीर फेकून देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, इलियममध्ये, ते उचलून घेणारं खास ट्रान्सपोर्टर प्रोटीन बसलेलं असतं. साधारण ९५ टक्के बाइल ॲसिड परत शोषलं जातं, पोर्टल व्हेनमधून लिव्हरला जातं आणि लिव्हर तेच पुन्हा बाहेर सोडतं. अंगातला एकूण साठा जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास, पण तोच दिवसात ६ ते १० वेळा फिरतो. म्हणजे दिवसभरात आतड्यात ओतलं जातं वीसेक ते तीस ग्रॅम आणि शौचावाटे बाहेर जातं अर्धा ग्रॅम वगैरे! तेवढी तूट लिव्हर कोलेस्टेरॉल वापरून भरून काढतं. कोलेस्टेरॉलला शरीराबाहेर जायचे रस्ते मुळातच मोजके आहेत, त्यातला हा एक मोठा.

फायबरचा सगळा खेळ त्या अर्ध्या ग्रॅमवर. तो आकडा वाढला की लिव्हरला जास्त कोलेस्टेरॉल लागणार, मग पेशींवर एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) पकडणारे रिसेप्टर वाढतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतलं जातं. रिसेप्टरचं हे काम ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचं, १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. शिवाय इलियममध्ये बाइल कमी शोषलं गेलं की तिथून लिव्हरला जाणारा एफजीएफ१९ हा सिग्नलही कमी पडतो. तो सिग्नल लिव्हरला "पुरे झालं, बनवू नका" असं सांगणारा, त्यामुळे तो ढिला पडला की सीवायपी७ए१ हे एन्झाइम जोरात सुरू होतं आणि अजून कोलेस्टेरॉल बाइलमध्ये बदललं जातं.

प्रश्न एवढाच की फायबर हे करतं कसं. पाकिटांवर आणि रील्समध्ये एकच उत्तर असतं, "फायबर कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि बाहेर घेऊन जातं". बघू.

१६ डिसेंबर

आजचा दिवस सामान गोळा करण्यात गेला. मायक्रोच्या लॅबमध्ये बाइल सॉल्टची बाटली असतेच, जंतू वाढवायच्या मॅकॉन्की अगारसाठी लागते त्यांना. स्टोअरचे काका द्यायला तयार होते, "घेऊन जा, वर्षभर पडलीय." पण त्यात कुठकुठली बाइल ॲसिड किती प्रमाणात आहेत ते लेबलवर नाही, आणि आमची रंगाची टेस्ट कोलिक ॲसिडलाच नीट येते, डीऑक्सीकोलिकला नाही. म्हणून शुद्ध सोडियम कोलेट, म्हणजे कोलिक ॲसिडचंच सॉल्ट, मागवलं. काकांना वाईट वाटलं असावं.

पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे जे नक्की धरतं असं तुलनेचं सॅम्पल, कोलेस्टिरामिन. हे रेझिन औषध म्हणून देतात, प्रत्येक कणावर धनभार असतो आणि बाइल ॲसिडवर आतड्यातल्या पीएचला ऋणभार, त्यामुळे ते खरोखर धरून ठेवतं. १९८४ मध्ये अमेरिकेतली मोठी ट्रायल आली होती, ३,८०६ पुरुष, कोलेस्टिरामिन घेणाऱ्या गटात हृदयविकार १९ टक्क्यांनी कमी. कोलेस्टेरॉल कमी केलं की हार्ट अटॅक कमी होतात हे आधी पटवून देणाऱ्या ट्रायल्सपैकी ती एक. पावडर खायला मात्र वाळूसारखी लागते म्हणतात. आम्हाला मिळाली ती पाकिटातली, संत्र्याच्या वासाची, आणि त्यात साखर. आमच्या टेस्टमध्ये सल्फ्युरिक ॲसिड आहे आणि साखर त्यात काळी पडते, म्हणून रेझिन डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा धुवून, वास जाईपर्यंत, मग ओव्हनमध्ये वाळवलं. लॅबमध्ये दिवसभर संत्र्याच्या गोळ्यांचा वास.

निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे जे धरणार नाही ते, सेल्युलोज पावडर. नाचणी गिरणीतून जाडसर दळून आणली आणि चाळून वरचा कोंडा घेतला. गिरणीवाल्याने विचारलं भाकरीला एवढी जाड कशाला, म्हटलं भाकरीला नाहीच. मेथी दळून हेक्झेनने तेल काढून टाकलं. इसबगोल मेडिकलमधलंच, नुसता भुसा, फ्लेवर नसलेला. देशातलं बहुतेक इसबगोल गुजरातच्या उंझा बाजारातून फिरतं, तेव्हा कुठलंही पाकीट घेतलं तरी मूळ बहुधा तेच.

२३ डिसेंबर

पचनाचा भाग सुरू. नुसतं कोरडं फायबर बाइलमध्ये टाकून चालत नाही, कारण कोंड्यात स्टार्च आणि प्रोटीनही असतं आणि प्रोटीन स्वतःसुद्धा बाइल धरतं. म्हणून पचनाची एन्झाइम वापरायची: आधी उकळून अमायलेज, मग पीएच २ ला पेप्सिन, ३७ डिग्रीला १ तास शेकिंग वॉटर बाथमध्ये, मग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.८ वर आणायचं, सोडियम कोलेट घालायचं, १० मिलिमोलार, म्हणजे लिटरला ४.३ ग्रॅम, आणि पॅनक्रियाटिन घालून पुन्हा तासभर. जेवणानंतर लहान आतड्याच्या सुरुवातीला बाइलची पातळी साधारण याच टप्प्यात असते म्हणून १० घेतलं. प्रत्येक सॅम्पलच्या तीन ट्यूब, शिवाय प्रत्येकाचा बाइल न घातलेला ब्लँक.

पीएच ॲडजस्ट करताना इसबगोलची गंमत बघायला मिळाली. बाकीच्या ट्यूबमध्ये अल्कलीचा थेंब पडला की रीडिंग लगेच हलतं. इसबगोलमध्ये थेंब टाकला की तो वरच बसतो, रीडिंग जागचं हलत नाही, काचेच्या कांडीने ढवळत ढवळत वाट बघावी लागते आणि मग एकदम उडी. १० मिलीत १०० मिलीग्रॅम भुसा एवढंच, म्हणजे १ टक्का. ओंकार म्हणाला, "थेंबालाच पुढे जाता येत नाहीये." हे वाक्य इथे लिहून ठेवतेय, मॅडमच्या "मग बोलू"ला कामाला येईल असं वाटतंय.

४ जानेवारी

रंगाची टेस्ट बसवली. सॅम्पलमध्ये ४५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, वर फरफ्युरल, ६५ डिग्रीला अर्धा तास, मग स्पेक्ट्रोवर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) ६२० नॅनोमीटरला रीडिंग. कोलेट असेल तर सुंदर निळा रंग येतो. ॲसिड डायल्यूट करायला बर्फाचं भांडं घ्यायचं, ॲसिड पाण्यात हळूहळू, उलटं नाही, हे ओंकारला दर वेळी सांगावं लागतं.

या रंगाचा इतिहास पण मजेशीर. म्यूनिकचा मॅक्स फॉन पेटेनकोफर, त्याने १८४४ मध्ये बाइलमध्ये साखर आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून लालजांभळा रंग काढून दाखवला, बाइल ओळखायची टेस्ट म्हणून. आमची टेस्ट त्याच घराण्यातली, फक्त साखरेऐवजी थेट फरफ्युरल. हाच माणूस पुढे १८९२ मध्ये कॉलराचे जंतू पिऊन बसला होता, नुसत्या जंतूंनी कॉलरा होत नाही हे सिद्ध करायला. वाचला. असो.

आता यातली मेख. साखरेपासून ॲसिडमध्ये फरफ्युरलसारखी द्रव्यं तयार होतात म्हणून तर पेटेनकोफरची टेस्ट चालायची, आणि आमचे सॅम्पल म्हणजे साखरेच्याच साखळ्या. इसबगोलचा मुख्य घटक अरॅबिनोझायलन, सगळा पेंटोज (पाच कार्बनच्या साखरा), तो तर फरफ्युरलची खाणच. त्यामुळे बाइल न घातलेल्या ब्लँक ट्यूबलासुद्धा पिवळट तपकिरी रंग येतोच. सेल्युलोजचा ब्लँक पाण्यासारखा, गव्हाच्या कोंड्याचा फिकट चहासारखा, मेथीचा सगळ्यात गडद. म्हणून प्रत्येक सॅम्पलमधून त्याचाच ब्लँक वजा. सगळ्यांना एकच कॉमन ब्लँक वापरला असता तर मेथीच्या पाण्यात बाइल आहे त्यापेक्षा जास्त उरलंय असं दिसलं असतं.

११ जानेवारी

पहिला सेट पूर्ण. कोलेस्टिरामिनने जवळजवळ सगळं कोलेट खाल्लं, वरच्या पाण्याला निळा रंगच नाही. सेल्युलोजने काहीच धरलं नाही. हे दोन टोकाचे बरोबर आले म्हणजे पद्धत ठीक आहे.

मधल्यांमध्ये मेथी पुढे, मग नाचणीचा कोंडा आणि गव्हाचा कोंडा थोडंसं, ओट्स त्यांच्याच आसपास. मेथीत गॅलॅक्टोमॅनन हे जेल होणारं फायबर आहेच, पण साबणासारखी सॅपोनिनपण आहेत, आणि ते बाइल ॲसिडबरोबर मायसेलमध्ये शिरतात, तेव्हा सगळं श्रेय फायबरला देता येणार नाही.

आणि इसबगोल? सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढलं तर वर पाणीच नाही. सगळी ट्यूब एकजीव जेल. जास्त वेळ, जास्त स्पीड, तरी वर थोडंसं पाणी सुटलं एवढंच. त्या थोड्या पाण्यात कोलेट मोजलं तर सेल्युलोजच्या ट्यूबइतकंच. गवारचंही तसंच, खाली काही बसायला तयार नाही.

आता हे वाचायचं कसं? पाण्यातली तीव्रता कमी झालेली नाही म्हणजे इसबगोलने काही धरलेलं नाही. पण पाणीच सुटत नाहीये म्हणजे ट्यूबमधलं बहुतेक कोलेट त्या जेलच्या आत अडकून बसलंय. तीव्रतेने हिशेब केला तर बाइंडिंग शून्य, आणि सुटलेल्या पाण्याच्या आकारमानाने केला तर बाइंडिंग प्रचंड. ट्यूब एकच, उत्तरं दोन. टेबलच्या त्या रकान्यात सध्या पेन्सिलने प्रश्नचिन्ह.

१३ जानेवारी

"मग बोलू" झालं. मॅडमनी टेबल बघितलं, प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा रकानाच तुझा प्रोजेक्ट आहे, बाकीचं सगळ्यांनी केलंय."

मग त्यांनी बोर्डावर भार काढायला लावले. कोलेस्टिरामिन धनभारित, बाइल ऋणभारित, ओढ आहे. अरॅबिनोझायलन, ओट्सचं बीटा-ग्लुकन, गवार-मेथीचं गॅलॅक्टोमॅनन यांच्यावर भार जवळपास नाहीच. पेक्टिन तर स्वतःच ऋणभारित, म्हणजे त्याने बाइलला दूर ढकलायला हवं, आणि तरीही पेक्टिन खाल्ल्याने माणसांचं कोलेस्टेरॉल कमी होतं हे दिसलेलं आहे. "मग चिकटतं म्हणून काम करतं हे म्हणायचं कसं?" यावर मी आणि ओंकार दोघंही गप्प. म्हणजे उत्तर माहीत नव्हतं असं नाही, पण एवढं सरळ कोणी विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी

लायब्ररी आणि पीडीएफ. वाचलेल्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

१९६८ मध्ये ईस्टवुड आणि हॅमिल्टन यांनी न पचणाऱ्या अन्नघटकांवर बाइल सॉल्ट बसतात का ते तपासलं होतं, त्यात लिग्निनकडे बोट गेलं. लिग्निन हा साखरेचा पॉलिमर नाही, तेलकट स्वभावाचा आहे, बाइल ॲसिडचीही एक बाजू तशीच, त्यामुळे ती खरी चिकटाचिकटी. १९७४ मध्ये क्रिचेव्स्की आणि स्टोरी, ट्यूबमधलं बाइंडिंग, आमच्यासारखंच. पुढे अमेरिकन कृषी खात्याच्या लॅबमध्ये कॅहलन आणि मंडळींनी केल, ब्रोकोली, पालक वगैरे भाज्या याच पद्धतीने तपासल्या, सगळं कोलेस्टिरामिनच्या तुलनेत टक्क्यांत. त्यांच्या पेपरांवरून नेटवर किती लेख निघालेत त्याला गणती नाही.

पण गव्हाच्या कोंड्यात लिग्निन आहे, ट्यूबमध्ये तो थोडंफार बाइल धरतो, आणि माणसांच्या एलडीएलवर मात्र त्याचा परिणाम फारसा दिसत नाही. उलट इसबगोल ट्यूबमध्ये ढ, आणि माणसात चालतं. आधीच कमी फॅटचं जेवण घेणाऱ्या लोकांना दिवसाला साधारण १० ग्रॅम इसबगोल दिलं तर एलडीएल अजून ७ टक्क्यांच्या आसपास उतरतं असं अनेक ट्रायल एकत्र करून निघालंय. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध खातं) १९९७ मध्ये ओट्सच्या बीटा-ग्लुकनला (दिवसाला ३ ग्रॅम) आणि १९९८ मध्ये इसबगोलच्या विरघळणाऱ्या फायबरला (दिवसाला ७ ग्रॅम) हृदयाच्या आरोग्याचा दावा पाकिटावर लिहायची परवानगी दिली. गव्हाच्या कोंड्याला तशी मिळाली नाही. ट्यूबची मेरिट लिस्ट आणि माणसांची मेरिट लिस्ट जुळतच नाही.

सगळ्यात आवडला तो १९९५ चा स्वीडनचा पेपर. ज्यांचं मोठं आतडं काढलेलं आहे आणि लहान आतड्याचं टोक पोटावर पिशवीत उघडतं अशा लोकांना ब्रेड खायला दिला. त्यांच्या पिशवीत जे येतं ते थेट इलियममधून, जंतूंनी मोठ्या आतड्यात काही करायच्या आधी. ओट ब्रॅनचा ब्रेड खाल्ला की बाइल ॲसिड जास्त बाहेर आलं. आणि त्याच ओट ब्रॅनमध्ये बीटा-ग्लुकन तोडणारं एन्झाइम घालून ब्रेड केला तर तो फायदा गेला. ओट्स तेच, साखळ्या फक्त तुकडे झालेल्या. बाइंडिंगचीच गोष्ट असती तर तुकड्यांनीही थोडंफार धरलं असतं ना.

२०१० ची वोलेव्हर यांची ट्रायल पण त्याच दिशेला. लांब साखळीच्या बीटा-ग्लुकनने एलडीएल उतरलं, तेच छोट्या साखळीचं करून दिलं तर परिणाम साधारण निम्म्यावर.

२८ जानेवारी

नवीन प्लॅन, मॅडमची परवानगी घेऊन. धरलं किती हे न मोजता, निसटायला वेळ किती लागतो हे मोजायचं.

डायलिसिस ट्यूब (अगदी बारीक भोकांची पातळ नळी, टोकं बांधली की पिशवी) घेतली, सोडियम बायकार्बोनेट आणि ईडीटीएमध्ये उकळून धुतली. त्यात १० मिली सॅम्पल, पचवलेलं, कोलेट घातलेलं. दोन्ही टोकं गाठ मारून बंद, आणि २०० मिली बफरमध्ये ३७ डिग्रीला सोडायची, खाली मॅग्नेटिक स्टिरर. कोलेटचे रेणू आणि त्यांचे छोटे मायसेल त्या भोकांतून जातात, फायबरच्या लांब साखळ्या जात नाहीत. बाहेरच्या बफरमधून १५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, २ तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी असा १ मिली काढायचा. शिवाय पॉलिमर आत राहिल्याने तो तपकिरी रंगाचा त्रास पण जवळजवळ संपला, हे बोनस.

गाठ मारताना एक काळजी, पिशवीत हवा ठेवायची नाही आणि वर थोडी मोकळी जागा सोडायची, कारण इसबगोल बाहेरचं पाणी आत ओढून फुगतं. काही वेळाने ती पिशवी बोटांनी दाबली तर ताठ लागते, सेल्युलोजची तशीच लुळी.

५ फेब्रुवारी

ग्राफ काढला आणि ओंकारने एकही जोक न करता तो बराच वेळ बघितला, म्हणजे बघा.

नुसत्या कोलेटच्या पिशवीतून बाइल भराभर बाहेर. सेल्युलोज जवळपास त्याच रेषेवर. गव्हाचा कोंडा आणि नाचणी किंचित खाली. ओट्स मध्ये. इसबगोल आणि गवार बऱ्याच खाली, पहिल्या तासात तर स्पष्ट फरक. पण सकाळच्या रीडिंगला इसबगोल, गवार, सेल्युलोज, नुसतं कोलेट, सगळे एकाच ठिकाणी येऊन बसलेले. एकच पिशवी सकाळीसुद्धा माल सोडायला तयार नव्हती, ती कोलेस्टिरामिनची.

माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टचं उत्तर या दोन आकारांत आहे. रेझिन धरतं, म्हणून वेळ कितीही द्या, बाइल आतच. इसबगोल धरत नाही, अडवतं. दादरच्या पुलावर संध्याकाळी कोणी कोणाला बांधून ठेवलेलं नसतं, पण चाल एवढी मंदावते की लोकल निघून जाते. पोटात रात्रभर वेळ नाहीये. लहान आतड्यातून माल काही तासांत पुढे सरकतो, आणि बाइल उचलणारे ट्रान्सपोर्टर मुख्यतः शेवटच्या भागात. जेलच्या मधोमध असलेलं बाइल भिंतीपर्यंत पोचायच्या आत तो घास मोठ्या आतड्यात गेलेला असतो. तिथे पोचलेलं बहुतेक परत येत नाही, थोडंसं शोषलं जातं एवढंच.

१४ फेब्रुवारी

सगळे बाहेर, आम्ही व्हिस्कॉमीटर (द्रावण किती घट्ट आहे ते मोजायचं साधन) धुतोय.

मॅडमची सूचना होती की साखळी तोडून दाखवा, स्वीडनवाल्यांसारखं. बीटा-ग्लुकनेज एन्झाइम बजेटमध्ये बसत नाही, म्हणून गवार गमवर सौम्य ॲसिडमध्ये गरम करून केलं. गवार म्हणजे मॅनोजची लांब काडी आणि तिला बाजूने गॅलॅक्टोज, साधारण दोन मॅनोजला एक. ॲसिडमध्ये तापवलं की काडी जागोजागी तुटते. आधीचं द्रावण ऑस्टवाल्डच्या नळीतून (आमचा काचेचा व्हिस्कॉमीटर) उतरायला नकोसा वेळ घेत होतं, तापवल्यानंतरचं पाण्यासारखं खाली. (इसबगोल त्या नळीत शिरतच नाही, त्यासाठी फार्मसीवाल्यांचा ब्रुकफील्ड व्हिस्कॉमीटर मागून आणला, दोन दिवसांच्या बोलीवर.)

तुटलेल्यातले अगदी छोटे तुकडे पिशवीतून बाहेर येऊन रंग बिघडवणार, हे धरून तोडलेलं गवार आधी रात्रभर साध्या पाण्यात डायलाइज केलं आणि मग वापरलं. थोडा माल त्यात जातो, म्हणून सुकवून वजन करून पुन्हा बरोबरीचं घेतलं. निकाल: वजन तेवढंच, साखरही तीच, पण अडवणूक गेली. रेषा थेट सेल्युलोजच्या शेजारी.

हे आल्यावर नाचणीबद्दल पण बोलायला तोंड आलं. नाचणीत फायबर भरपूर आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (एनआयएन) २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅमला ११ ग्रॅमच्या आसपास, ज्वारी-बाजरी पण १०-११, पॉलिश तांदूळ ३ च्या खाली. पण त्यातलं बहुतेक न विरघळणारं. ते पोट साफ ठेवायला, पोट भरायला उत्तम, भाकरी खाच. फक्त "नाचणीत ओट्सइतकं फायबर म्हणून कोलेस्टेरॉलवर ओट्ससारखं काम" हे गणित बरोबर नाही. पाकिटामागचा फायबरचा आकडा जेल होतं की नाही ते सांगत नाही.

२२ फेब्रुवारी

मावशीचा फोन. तिचं पित्ताशय मागे काढलंय, आणि तेव्हापासून सकाळी जेवलं की पळावं लागतं. "तुझा तो बाइलचाच प्रोजेक्ट आहे ना, मग सांग मला." तिला म्हटलं, मावशी, पित्ताशय नसलं की साठवायची जागा नाही, बाइल थेंब थेंब आतड्यात पडत राहतं, काही जणांत जास्तीचं बाइल मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे पाणी सुटायला लावतं. याला औषध आहे, आमचं कंट्रोलवालं कोलेस्टिरामिन यासाठीपण वापरतात, पण ते डॉक्टरच ठरवतील, तू जाऊन ये. तिने इसबगोल आधीच सुरू केलं होतं, शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून, चमचाभर कोरडंच तोंडात टाकून वर घोटभर पाणी! म्हटलं असं अजिबात करू नकोस, घशात फुगलं तर अडकेल, मोठा ग्लासभर पाण्यात घालून लगेच पी, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चांगलं लांब ठेव, जे जेल बाइलला अडवतं ते गोळीलाही अडवू शकतं. "मग गोळी सकाळी आणि हे रात्री," मावशी म्हणाली. तेही डॉक्टरांना विचार म्हटलं.

फोननंतर डिस्कशनमध्ये मोठ्या आतड्याचा परिच्छेद घातला, तो राहिलाच होता. तिथले जंतू बाइल ॲसिडला जोडलेलं ग्लायसीन, टॉरीन काढून टाकतात आणि मग कोलिकचं डीऑक्सीकोलिक, कीनोचं लिथोकोलिक करतात. ही दुय्यम बाइल ॲसिड फार साचली तर आतड्याच्या अस्तराला त्रासदायक, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी त्यांचा संबंध जोडला गेलाय. गवार, बीटा-ग्लुकन, पेक्टिन जंतूंना आवडतं, ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट करतात, पीएच उतरतो, आणि पीएच उतरला की डीऑक्सी बनवणारी रिॲक्शन मंदावते. इसबगोल मात्र जंतूंना फारसं पचत नाही, जेल बरंचसं तसंच शेवटपर्यंत टिकतं, म्हणून तर ते पोटासाठी वापरतात. म्हणजे इलियमपर्यंत गवार आणि इसबगोल सारखेच वागतात, आणि पुढच्या वळणावर वेगळे होतात. हा भाग आमच्या पिशवीत दिसणार नाही, तिथे जंतू नाहीत.

६ मार्च

थीसिसचं टेबल नव्याने केलं. "बाइंडिंग टक्के" हा एकच रकाना होता, त्याचे दोन केले: "धरलेलं" आणि "पहिल्या तासात अडवलेलं". इसबगोल पहिल्यात तळाला, दुसऱ्यात वर. मेथी दोन्हीकडे बरी, कारण तिच्यात जेलही आहे आणि सॅपोनिनही. ओंकारला शीर्षकात अजूनही "बाइंडिंग" हवंय, कारण सर्चमध्ये तोच शब्द चालतो. मॅडम म्हणाल्या शीर्षकात ठेवा, निष्कर्षात ठेवू नका.

मर्यादा लिहिल्या. आमचं कोलेट साधं आहे, ग्लायसीन-टॉरीन जोडलेलं नाही. लेसिथिन नाही, त्यामुळे खऱ्या बाइलमधले मोठे मिश्र मायसेल नाहीत, ते जेलमध्ये अजून हळू सरकतील असा माझा अंदाज. आतडं हलतं, पिळतं, आमची पिशवी फक्त बफरमध्ये गोल फिरते.

एक्स्टर्नलने विचारलं तर काय, याची तयारी ओंकारकडून करून घेतेय. त्याचा आवडता प्रश्न: "कोलेस्टिरामिन एवढं चांगलं धरतं तर इसबगोल कशाला?" उत्तर: औषधाची जागा इसबगोल घेत नाही, ७ टक्के म्हणजे ७ टक्केच. पण ज्याला गोळी लागत नाही किंवा गोळीबरोबर थोडं अजून हवंय त्याला स्वस्तातलं आणि सोपं आहे, पाणी भरपूर प्यायलं तर.

१५ मार्च

सबमिट झालं. पुढच्या बॅचमधल्या दोघी ओट्स आणि जवसावर हेच करणार आहेत, त्यांच्यासाठी:

डायलिसिस ट्यूबचा उरलेला रोल ४ डिग्रीच्या फ्रीजमध्ये, ५० टक्के अल्कोहोलमध्ये, बाटलीवर माझं नाव आहे ते खोडून टाका. वापरायच्या आधी नीट धुवा. धुतलेलं रेझिन डेसिकेटरमध्ये, संत्र्याचा वास अजून थोडा येतो, तो चालतो, रीडिंगला फरक नाही. सोडियम कोलेट तुमच्यापुरतं आहे. जवस दळलं की तेल फार सुटतं, आधी हेक्झेन, आणि ते फ्यूम हूडमध्येच. प्रत्येक सॅम्पलला स्वतःचा ब्लँक, कोणी काहीही म्हणो. ब्रुकफील्ड परत करायची तारीख गेलीय, फार्मसीच्या सरांसमोर मी आज जाऊन येते, तुम्ही मागायला जाल तेव्हा आमचं नाव घेऊ नका.